डोलकाठी होण्याआधीचा ओंडका

नदीकाठी सालाचा एक प्रचंड ओंडका पडला आहे. पुढे त्याची नावेची डोलकाठी व्हायची आहे. गावातल्या पोरांचा म्होरक्या फटिक चक्रवर्ती याच्या डोक्यात येते, की सगळ्यांनी मिळून हा ओंडका ढकलत दूर न्यायचा. ज्याचा आहे त्याला ऐन गरजेच्या वेळी तो जागेवर सापडणार नाही, तो किती चिडेल, किती वैतागेल, या नुसत्या कल्पनेनेच पोरे हरखतात आणि कंबर कसून कामाला लागतात. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘छुटी’ या कथेची ही सुरुवात.

कथा एका बैठकीत वाचून होते. तिच्यातल्या घटना फार तर काही महिन्यांच्या. नायक तेरा-चौदा वर्षांचा, आणि त्याहून मोठा तो होतच नाही. तरीही शेवटाला पोचल्यावर एका मुलाची हकिगत वाचली असे वाटत नाही. सत्ता, भाऊबंदकी, वाटणी, गाव सोडणे, परक्या घरी ओझे होऊन राहणे, आजारपण आणि मरण, असे एक पुरते आयुष्य डोळ्यांदेखत पार पडलेले असते. बालपणाच्या छोट्याशा गोष्टीत सबंध आयुष्य कसे मावते, हे या प्रकरणात पाहायचे आहे. त्यासाठी ‘छुटी’इतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, म्हणून तिच्याजवळच जास्त वेळ थांबणार आहे.

ही कथा ‘साधना’ मासिकात 1892 च्या अखेरीस आली. तिच्या आदल्याच महिन्यात त्याच मासिकात ‘काबुलीवाला’ आली होती. रवींद्रनाथ तेव्हा एकतीस वर्षांचे होते, तीन मुलांचे वडील होते, आणि वडिलांच्या सांगण्यावरून पूर्व बंगालमधल्या जमीनदारीचा कारभार पाहत होते. शिलाईदह, शाहजादपूर, पतिसर ही त्या कारभाराची ठाणी. आज तो सगळा मुलूख बांगलादेशात आहे. कलकत्त्याच्या वाड्यात वाढलेला हा माणूस नावेतून हिंडत होता, कुळांची गाऱ्हाणी ऐकत होता, दस्तऐवजांवर सह्या करत होता आणि काठावरची माणसे पाहत होता. पाहिलेले सगळे तो आपली पुतणी इंदिरा हिला पत्रांतून कळवत असे. ती पत्रे पुढे ‘छिन्नपत्र’ या नावाने पुस्तकात आली.

त्यांपैकी जून 1891 मधले, शाहजादपूरहून लिहिलेले एक पत्र आपल्या कामाचे आहे. काठावर एका मोठ्या नावेची डोलकाठी पडली होती. गावातल्या उघड्यावाघड्या पोरांनी ती आरडाओरडा करत लोटायला सुरुवात केली. खेळ रंगात आला असताना एक लहान मुलगी आली आणि गुपचूप त्या डोलकाठीवर जाऊन बसली. पोरांचा विरस झाला. थोरल्या पोराने तिला उठायला सांगितले, ती हलेना. शेवटी पोरांनी तिला जबरदस्तीने बाजूला केले, डोलकाठी पुन्हा गडगडू लागली, आणि ती मुलगीही आपला मोठेपणा सोडून त्या गोंधळात सामील झाल्यासारखी झाली. पत्रातली गोष्ट इथे संपते. एक प्रसन्न दृश्य, त्यापलीकडे काही नाही.

दीड वर्षाने रवींद्रनाथ तेच दृश्य कथेत आणतात तेव्हा दोन बदल करतात. मुलीच्या जागी फटिकचा धाकटा भाऊ माखन येतो. आणि डोलकाठीच्या जागी ओंडका येतो. माझ्या मते कथेचे सगळे बळ या दुसऱ्या बदलात आहे. पत्रात होती ती तयार डोलकाठी, घडून झालेली वस्तू. कथेत आहे ते अजून न घडलेले लाकूड. त्याला तासायचे आहे, सोलायचे आहे, सरळ करायचे आहे, मग त्यावर शीड चढणार आणि ते दूर पाण्यात जाणार. पण हे सगळे ‘पुढे’. आज ते नुसतेच पडून आहे, आणि मोठ्यांच्या हिशेबात आज त्याची किंमत एवढीच, की उद्या त्याचे काहीतरी होणार आहे. फटिककडे त्याची आई, मामा, मामी, शाळेतले मास्तर याच नजरेने पाहणार आहेत. पोरांच्या डोळ्यांना मात्र त्या ओंडक्यात डोलकाठी दिसतच नाही. त्यांना दिसते ते आत्ता, या घटकेला लोटत नेता येईल असे एक भलेमोठे लाकूड.

लेखक हे काही सांगत नाही. ओंडका कशासाठी आणला आहे ते एका वाक्यात येते आणि खेळ सुरू होतो. प्रतीक म्हणजे वस्तूच्या अंगावर चिकटवलेला अर्थ, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. ओंडका म्हणजे बालपण, नदी म्हणजे काळ, होडी म्हणजे देह, असा तक्ता मांडला की कथा समजली. पण तो तक्ता मांडून पाहा, हातात काही राहत नाही. ‘छुटी’तला ओंडका आधी खराखुरा ओंडका आहे. तो जड आहे, ओबडधोबड आहे, त्यावर बसलेला भाऊ घरंगळून खाली पडतो आणि त्याला लागते. अर्थ येतो तो त्या वजनातून आणि त्या पडण्यातून.

माखनचेही पाहा. धाकटा भाऊ ओंडक्यावर जाऊन गंभीरपणे बसतो, आणि सगळ्या खेळांच्या निरर्थकतेचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञासारखा दिसतो. मुलांच्या गोष्टीत एकदम एक म्हातारा येऊन बसला आहे. फटिकला आपला अधिकार राखायचा आहे. तो धमकी देतो, माखन हलत नाही, तेव्हा फटिक नवा हुकूम सोडतो, की माखनसकट ओंडका लोटा. राज्य, बंड आणि बंडाचा बंदोबस्त, सगळे दोन-चार वाक्यांत. ओंडका फिरतो, माखनचा मोठेपणा धुळीला मिळतो, तो उठून भावाला बोचकारतो, मारतो आणि रडत घरी जातो. खेळ मोडतो.

मग फटिक काय करतो? काठाला एक अर्धी बुडालेली होडी आहे. तिच्या नाळेवर चढून बसतो आणि काशगवताचे बूड चघळत राहतो. कथा पहिल्यांदा वाचताना हे वाक्य सहज मागे पडते. शेवट ठाऊक झाल्यावर पुन्हा वाचले की तिथे थबकायला होते. एका बाजूला अजून न झालेली डोलकाठी, दुसऱ्या बाजूला अर्धी पाण्याखाली गेलेली नाव, आणि मधला प्रवास कुठेच नाही. फटिकच्या वाट्याला नेमके हेच येणार आहे. शीड उभारून चाललेले मधले आयुष्य त्याला मिळणारच नाही. तरीसुद्धा होडी म्हणजे होडीच आहे. पूर्व बंगालच्या कुठल्याही नदीकाठी अशी एखादी टाकून दिलेली होडी असायचीच आणि पोरे तिच्यावर बसायचीच.

त्याच वेळी एक परकी नाव काठाला लागते. मध्यम वयाचे एक गृहस्थ उतरतात आणि चक्रवर्तींचे घर कुठे म्हणून विचारतात. फटिक गवत चघळत, कुठेतरी बोट दाखवल्यासारखे करून उत्तर देतो. त्यातून दिशा कळण्यासारखी नसते. पुन्हा विचारल्यावर आपल्याला माहीत नाही म्हणतो आणि पुन्हा गवत चघळू लागतो. ज्याला आपल्या घराची वाट सांगावीशी वाटली नाही, तो मुलगा पुढे आपल्याच घराची वाट शोधत शहराच्या पावसात भिजणार आहे. हे गृहस्थ त्याचे मामा विश्वंभर, बरीच वर्षे पश्चिमेकडे नोकरी करून परतलेले. 1916 साली निघालेल्या इंग्रजी अनुवादाने त्यांना थेट मुंबईत नेऊन बसवले आहे, त्यामुळे इंग्रजीतून ही कथा वाचणाऱ्या मराठी वाचकाला मामा आपल्या ओळखीच्या गावाहून आलेले भेटतात. रवींद्रनाथांच्या घरातही असा पश्चिमेकडचा माणूस होताच. इंदिरेचे वडील सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते, आणि 1878 मध्ये सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना विलायतेआधी इंग्रजी रीतिरिवाज शिकायला म्हणून मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवले होते. सुधारण्यासाठी परक्या घरी धाडलेला मुलगा काय असतो, हे लेखकाला बाहेरून शिकावे लागले नव्हते.

मामा फटिकला कलकत्त्याला नेऊन शिकवायचे ठरवतात. फटिक हरखून जातो, कधी निघायचे म्हणून मामांच्या मागे लागतो. आईला तशी सुटका वाटते, कारण हा दांडगट मुलगा एक दिवस माखनला पाण्यात तरी ढकलेल नाहीतर त्याचे डोके तरी फोडेल, अशी तिला कायमची धास्ती. पण तो जायला इतका उतावीळ झालेला पाहून ती थोडी दुखावतेही. आणि निघताना, आनंदाच्या भरात, फटिक आपला गळ, पतंग आणि फिरकी माखनला देऊन टाकतो. नुसती देत नाही. मुला-नातवंडांनी पिढ्यान् पिढ्या भोगावी अशा पुऱ्या हक्काने देतो.

या एका वाक्याजवळ मला प्रत्येक वेळी थांबावेसे वाटते. ही भाषा मुलाची नाही, दस्तऐवजाची आहे. पट्टे, कबुलायती, बक्षीसपत्रे यांत येणारी. लेखकाच्या कचेरीत रोज अशा कागदांचे गठ्ठे येत होते, त्यातलीच ही ओळ उचलून त्याने एका पतंगाला आणि फिरकीला लावली आहे. आपण हसतो. पण तेरा वर्षांच्या मुलाने केलेले हे मृत्युपत्र आहे, आणि ते अमलात येणार आहे. त्याची सगळी मिळकत तीन वस्तूंची आहे, ती त्याने धाकट्या भावाच्या नावे करून टाकली आणि हात झटकून मोकळा झाला. माणूस आयुष्याच्या शेवटी जे करतो ते फटिकने कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच उरकले. मुलाला ‘मुला-नातवंडांनी’ हे शब्द शोभत नाहीत म्हणून हसू येते, आणि त्याला मुले-नातवंडे कधीच होणार नाहीत हे कळल्यावर तेच शब्द गळ्याशी येतात. एकच वाक्य दोन वेळा वाचल्यावर दोन वयांचे होते.

कलकत्त्यातला भाग वेगळ्या रीतीने लिहिला आहे. इथे रवींद्रनाथ गोष्ट थांबवून सरळ बोलू लागतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासारखी अडचणीची वस्तू जगात दुसरी नाही, असा त्यांचा मुद्दा. ना रूप, ना उपयोग. लहान मुलासारखे बोबडे बोलला तर लाडिकपणा, मोठ्यासारखे बोलला तर आगाऊपणा. कपड्यांचे भान न ठेवता अंग वाढत जाते आणि लोकांना तो त्याचा अपराध वाटतो. आवाज फुटतो, चेहऱ्यावरचा गोडवा जातो, आणि नेमके याच वयात त्याला मायेची भूक सगळ्यांत जास्त असते, पण ती मागायची लाज वाटते. ज्याला कोणी माया लावत नाही तो मालक नसलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यासारखा होतो. या उताऱ्याला काहीजण कथेतली फट मानतात, लेखकाने मध्येच प्रवचन केले म्हणतात. मला ते पटत नाही. फटिकला स्वतःबद्दल हे काही सांगता येणार नाही, सांगायला त्याच्याकडे शब्द नाहीत, मामीच्या घरात ऐकणारेही कोणी नाही. कोणीतरी त्याच्या बाजूने उभे राहून बोलणे गरजेचे होते.

शिवाय आयुष्याच्या मोजमापातही हा उतारा महत्त्वाचा आहे. त्यातले वय बदलून पाहा. तेरा-चौदाच्या जागी सत्तर-पंचाहत्तर घाला. ना रूप, ना उपयोग. बोलले तर जास्त, गप्प राहिले तर अडगळ. आपल्यामुळे घरच्यांना त्रास होतो या भीतीने आपल्याच घरात चोरासारखे वावरणे. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याचे जिणे फटिक चौदाव्या वर्षी जगतो. मामीला तीन मुले आहेत, त्यांच्या संसारात हा परका, धसमुसळा खेडवळ मुलगा नकोसा. तिने एखादे काम सांगितले की तो खूष होऊन गरजेपेक्षा जास्त करून बसतो आणि बोलणी खातो. शाळेत त्याला काही येत नाही. मास्तर मारतात तेव्हा लादलेल्या गाढवासारखा मुकाट सोसतो. मधल्या सुट्टीत खिडकीशी उभा राहून दूरच्या घरांच्या गच्च्या पाहतो. गावाकडचे पतंगाचे मैदान, मोठ्याने गात हिंडायचा नदीकाठ, मनात येईल तेव्हा उडी टाकायचा ओढा, हे सगळे आठवत राहते, आणि या सगळ्यांहून जास्त ती मारकुटी आई. मागच्या दिवसांवर जगणे हे म्हातारपणाचे लक्षण. या मुलाकडे मागे पाहायला अवघे काही महिने आहेत आणि तो त्यांच्याकडे तसाच पाहतो.

घरी कधी जायचे, असे तो मामांना विचारतो. शाळेला सुट्टी लागू दे, ते सांगतात. पूजेची सुट्टी कार्तिकात, अजून कितीतरी लांब. मग एक दिवस पुस्तक हरवते. मास्तरांचा मार वाढतो, मामेभाऊ नाते सांगायलाही लाजू लागतात, आणि मामी सुनावते, की महिन्यातून पाच वेळा पुस्तके आणून द्यायला मला परवडत नाही. दुसऱ्याचे पैसे आपण उधळतो आहोत या जाणिवेने मुलाला आईचाच राग येतो आणि स्वतःच्या दीनपणाने तो मातीमोल होतो. त्याच रात्री ताप भरतो. आजारी पडलो तर मामीला किती उपद्रव वाटेल, हे त्याला स्वच्छ कळते. सकाळी तो घरात नसतो.

दिवसभर धो धो पाऊस. संध्याकाळी पोलीस त्याला गाडीतून आणून सोडतात, नखशिखान्त भिजलेला, चिखलाने माखलेला, थरथरणारा. तो आईकडे निघाला होता. पुढे तापाची भ्रमिष्ट अवस्था, आणि त्यात तो एका सुरात ओरडू लागतो. गावाहून कलकत्त्याला येताना वाटेचा काही भाग आगबोटीने झाला होता. खलाशी दोर टाकून पाण्याची खोली मोजत आणि वावांचा आकडा ओरडून सांगत. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर, सुमारे सहा फूट. आपल्या किनाऱ्यावरही पाणी याच मापाने मोजत. गाळाने भरलेल्या, दर पावसाळ्यात पात्र बदलणाऱ्या बंगालच्या नद्यांत वाळूचे दांडे कुठे वर आलेत याचा नेम नसतो, म्हणून हे मोजणे सतत चालू. फटिक तापात त्या खलाशांची नक्कल करतो. एक वाव, तळ नाही. दोन वाव, तळ नाही.

जाताना त्या मुलाने हे ओरडणे मोठ्या मजेने ऐकले असणार. नवी आगबोट, नवी माणसे, नवा शब्द. मुलाच्या कानात राहून गेलेला खेळकर आवाज त्याच्या मरणाची भाषा होतो, यात लेखकाची खरी करामत. त्याने मरणासाठी बाहेरून काही आणले नाही, ना देवदूत, ना विझणारा दिवा. मुलाच्या छोट्या प्रवासातला एक व्यावहारिक आवाज उचलला. पुढे रवींद्रनाथ हेही सांगून टाकतात, की हा मुलगा ज्या अथांग सागराच्या प्रवासाला निघाला आहे त्याचा तळ त्याला कुठेच लागत नव्हता. हे वाक्य नसते तरी चालले असते, असे मला वाटते. दोर टाकल्याचा आवाज पुरेसा होता. पण 1892 मध्ये बंगालीत आधुनिक लघुकथा आकार घेत होती आणि ती घडवणारे मुख्य हात याच लेखकाचे होते. वाचकाच्या हाताला धरून दोन पावले चालवायची गरज त्याला वाटली असेल.

आई वादळासारखी येते, अंथरुणावर कोसळते, हाका मारते. फटिक कोणाकडेही न पाहता कूस बदलतो आणि हळूच सांगतो, की आपल्याला आता सुट्टी लागली, आपण घरी निघालो. कार्तिकातली सुट्टी आधीच आली. मोठ्या माणसाच्या तोंडी हे बोलणे असते तर ते रूपक झाले असते, कदाचित भजन झाले असते. शाळकरी मुलाच्या तोंडी ते साधे विधान आहे. त्याला सुट्टी हवी होती, ती लागली आहे.

बालपणाच्या कथेतच हे का साधते, याचे उत्तर मला इथे दिसते. मुलाजवळ ‘पुढे’ नावाची कोठी नसते. मोठा माणूस दुःख, आशा, सूड, कर्ज सगळे वर्षांवर पसरून ठेवू शकतो. मुलाला जे काही होते ते आजच्या आज आणि पुरते होते. कार्तिक महिना त्याच्यासाठी एका जन्माइतका लांब असतो. म्हणून लेखकाने मुलाच्या बाजूने, त्याच्या मापाने लिहिले, तर चार महिन्यांत आयुष्य आपोआप मावते. मोठेपणी मागे वळून सांगितलेल्या बालपणाच्या गोष्टीत हे वेगळे होते. जेम्स जॉइस यांच्या ‘डब्लिनर्स’ या 1914 च्या संग्रहातली ‘ॲरेबी’ ही कथा घ्या. तिथे एका मुलाला जत्रेला जायचे असते, तो पोचतो तेव्हा दुकाने बंद होत आलेली असतात आणि दिवे मालवले जातात. तीही थोर कथा आहे, पण सांगणारा मोठा झालेला आहे. त्या संध्याकाळचा अर्थ त्याला कळून चुकला आहे आणि त्याची कडवट चव प्रत्येक शब्दाला आहे. फटिकला कळून चुकायला वेळच मिळाला नाही.

दुसऱ्या टोकाला प्रेमचंदांची ‘ईदगाह’. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेला जातो आणि खेळणी, मिठाई सगळे सोडून आजीसाठी चिमटा घेऊन येतो, कारण तव्यावरची पोळी काढताना तिची बोटे भाजतात. ही कथा हिंदीच्या शालेय पुस्तकांत वर्षानुवर्षे आहे आणि हमीदच्या गुणी स्वभावासाठी शिकवली जाते. तिच्यातल्या इतर मुलांच्या खेळण्यांकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. महमूदचा शिपाई, मोहसिनचा भिश्ती, नूरेचा वकील. मातीची ही खेळणी म्हणजे मोठ्या माणसांचे हुद्दे आणि धंदे. मुले वाटेभर आपापल्या खेळण्याचा रुबाब सांगत येतात आणि घरी पोचल्यावर एकेक हुद्दा फुटतो. शिपायाची कहाणी तर पाहण्यासारखी. तो पहाऱ्यावर निघतो, पडतो, एक पाय तुटतो. उंबराचा चीक लावून पाय जोडायचा प्रयत्न फसतो. मग दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून दुसराही पाय मोडतात. आता उभे राहता येत नाही, म्हणून शिपाई एका जागी बसून संन्यासी होतो. अधूनमधून त्याचे वजनाचे मापही करतात. नोकरी, जखम, उपचार, निवृत्ती, संन्यास आणि शेवटी नुसते एक वजन. एका मातीच्या खेळण्यात, एका परिच्छेदात, एक जन्म. आणि वर कुठेही उपदेश नाही, तीन पोरांच्या घरी संध्याकाळी जे घडले तेवढेच.

शेवटी चिमटा पाहून आजी अमीना रडते, तेव्हा प्रेमचंद सांगतात, की लहान हमीदने म्हाताऱ्या हमीदची भूमिका केली होती आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली होती. आयुष्याची दोन टोके एका चिमट्यावर जागा बदलतात. ‘छुटी’त मुलगा म्हातारा होतो आणि मरतो, ‘ईदगाह’त मुलगा म्हातारा होतो आणि आजीला जगवतो. दोन्हीकडे वस्तू मात्र मुलाच्या हातातलीच आहे, तीन पैशांची किंवा फुकटची.

रवींद्रनाथ या विषयाकडे पुन्हा आले ते ‘डाकघर’ या नाटकात. ते 1912 मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, 1901 मध्ये, त्यांनी शांतिनिकेतनात झाडांखाली शाळा सुरू केली होती आणि आपला मुलगा रथींद्रनाथ याला पहिल्या विद्यार्थ्यांत बसवले होते. फटिकसाठी कथेत करता आले नाही ते जमिनीवर करून पाहण्याचा तो प्रयत्न होता, असे मी मानतो. ‘डाकघर’मधला अमल आजारी आहे. वैद्याने बाहेर पडू नको म्हणून बजावले आहे. तो खिडकीशी बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसांशी बोलतो: दहीवाला, पहारेकरी, गावचा पाटील, फुले वेचणारी सुधा, फकीर. प्रत्येकाला पाहून त्याला तेच व्हावेसे वाटते. दहीवाल्याची आरोळी त्याला शिकायची आहे, डाकवाला होऊन घरोघरी पत्रे वाटायची आहेत. जी आयुष्ये त्याला जगायला मिळणार नाहीत ती तो खिडकीतून एकामागून एक जगून घेतो. फटिकच्या एका आयुष्याऐवजी इथे दहा आहेत.

हे नाटक पोलिश अनुवादात 18 जुलै 1942 रोजी वॉर्साच्या ज्यू वस्तीत झाले. नाझींनी भिंत घालून कोंडलेल्या त्या वस्तीत डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक एक अनाथाश्रम चालवत होते. मूल हे उद्याचा माणूस नसून आजच पुरता माणूस आहे, हे कोर्चाक आयुष्यभर लिहीत आणि वागत आले होते. त्यांनी आपल्या मुलांसाठी हे नाटक निवडले. चार दिवसांनी त्या वस्तीतून माणसांना गाड्यांत भरून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आणि त्यांची सुमारे दोनशे मुले गेली. कोर्चाक यांना स्वतःची सुटका करून घेण्याची संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. प्रयोगाच्या त्या संध्याकाळी त्यांच्या मुलांपैकी कोणी दहीवाला झाले होते, कोणी पहारेकरी, कोणी राजवैद्य. मोठे व्हायला त्यांना मिळालेला वेळ तेवढाच होता.